नाव विचारायचं राहिलं

रोज प्रार्थना करणारा माणूस 'माझा भुताखेतांवर विश्वास नाही' म्हणाला, की लोक हसतात. हसा खुशाल. मी मूळचा नगरचा, घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, पेशाने सर्जन. देवावर श्रद्धा आहे, बाकी सगळ्याला मी पुरावा मागतो. या गोष्टीचा पुरावा माझ्याकडेही नाही...

आठ वर्षं मी आफ्रिकेत, मलावीतल्या एका मिशन हॉस्पिटलमध्ये होतो. तिथे एक रीत होती. पेशंट टेबलावर आला की सर्जनने त्याला स्वतः नाव विचारायचं, मग ते नाव घेऊन सगळ्यांनी प्रार्थना करायची आणि त्यानंतरच ब्लेड हातात घ्यायचं. मी कायम घाईतला माणूस, पण ही रीत पाळायचो. एकदाच मोडली. ट्रक उलटला होता, अंगणात जखमींची रांग. टेबलावरच्या बाईने माझं मनगट धरलं आणि तिथल्या चिचेवा भाषेत म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही माझं नाव विचारलं नाही."

"नंतर," मी म्हणालो.

ती टेबलावरच गेली. तिला न्यायला कुणी आलं नाही. तिच्या थडग्यावरच्या क्रॉसवर आम्ही नुसती तारीख लिहिली. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

आता मी बंगळुरूत, आनेकलच्या बाजूला एका छोट्या हॉस्पिटलात आहे. मागच्या वर्षीची गोष्ट, सकाळी अकराची वेळ. डायबेटिसच्या दोन बायका होत्या, दोघींच्या उजव्या पायाला बँडेज. एकीचा पाय गुडघ्याखाली काढायचा होता, दुसरीची फक्त जखम साफ करायची होती. आदल्या दिवशी वॉर्डात दोघींना पाहिलं होतं, पण चेहरे कुठले लक्षात राहायला! टेबलावरच्या बाईला कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केला होता, पाऊल हिरव्या कापडात गुंडाळलं होतं, तोंड पडद्याआड. फाइलवर लिहिलं होतं : गौरम्मा, पाय काढणे. ओपीडीत गर्दी वाट बघत होती. मी नाव न विचारताच ब्लेड घेतलं.

पडद्याआडून आवाज आला. शांत, स्पष्ट. चिचेवामध्ये.

"डॉक्टर, तुम्ही माझं नाव विचारलं नाही."

शप्पथ सांगतो, तोच आवाज होता. आमच्या सिस्टर सरस्वतीअक्का बंगळुरूच्या जुन्या मराठी घरातल्या. त्याही दचकल्या. "डॉक्टर, स्वल्प थांबा. ही काय बोलली? कन्नडा नाही की हे!"

म्हणजे भास नव्हता. मी पडदा खाली ओढला. बाई डोळे मिटून पडली होती. मी माझ्या तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये तिचं नाव विचारलं, "अम्मा, निम्म हेसरेनु?"

तिने डोळे उघडले. "मंगळम्मा."

अक्कांनी फाइल पाहिली, तिच्या मनगटावरची नावाची पट्टी पाहिली आणि मटकन स्टुलावर बसल्या. बाहेर ट्रॉलीवर दोघींच्या फाइली बदलल्या होत्या. मंगळम्माची नुसती जखम साफ करायची होती... आणि मी तिचा पाय कापायला निघालो होतो. अक्कांनीच उठून माझ्या हातातलं ब्लेड काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी मंगळम्माला खोदून खोदून विचारलं. जन्म आनेकलचा, नोकरी बोम्मसंद्रात शिवणकामाच्या कारखान्यात. "मी तर झोपले होते, सार. तुम्ही हाक मारली तेव्हा जाग आली," ती म्हणाली. महिन्याभराने ती स्वतःच्या पायांनी चालत चेकअपला आली. तिला पाहून आनंद व्हायला हवा होता. मी मात्र तिच्या तोंडाकडे बघायला घाबरत होतो.

याचा अर्थ काय, मला विचारू नका. आमच्या पास्टरांनाही लावता आला नाही. मलावीतल्या त्या बाईने मला माफ केलं, की मी नाव विचारीन म्हणून ती अजून थांबलीच आहे?

आता मी प्रत्येक पेशंटला नाव विचारतो, कितीही घाई असो. पण पडद्याआडून उत्तर येईपर्यंत छातीत धडधडत असतं... एखाद्या दिवशी तीच तिचं नाव सांगेल म्हणून.