फर्माईश घेतली जाणार नाही

डीजे म्हटलं की आमच्या नगरकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय येतं, ते मला पाठ आहे. ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या पेट्यांची भिंत, निळे-हिरवे लाइट आणि मागे लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावून बसलेला एक कंटाळलेला इसम. मी तो नाही. मी तबकड्या वाजवतो. काळ्या, ताटाएवढ्या, सुई ठेवल्याशिवाय न बोलणाऱ्या तबकड्या. त्यांतलं संगीतही वरातीचं नाही. त्याला टेक्नो म्हणतात, हाऊस म्हणतात. त्यात बहुतेक वेळा शब्द नसतात, सिनेमा नसतो. सात-आठ मिनिटं एक ठेका चालतो आणि त्याच्या पोटात हळूहळू काहीतरी बदलत जातं. ते ज्याला ऐकू येतं त्याला येतं. ज्याला येत नाही त्याच्यासाठी मी तबकडी बदलत नाही. माझ्या टेबलाला एक पुठ्ठा बांधलेला असतो, त्यावर जाड अक्षरात लिहिलंय : फर्माईश घेतली जाणार नाही. लोकांना हा माज वाटतो. वाटू दे.

मी भिंगारला राहतो. नोकरी एमआयडीसीत, पार्टची मापं तपासायची. ड्यूटी संपली की घरी येऊन आतल्या खोलीत दोन टर्नटेबलांसमोर, तबकड्या फिरवायच्या यंत्रांसमोर, उभा राहतो. दोन्ही टर्नटेबल पुण्यातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून जुनी उचललेली आहेत. ‘दिवसभर मशीनची धडधड ऐकतोस आन् घरी येऊन इकत घेतलेली धडधड ऐकतोस,’ असं आई म्हणते. तिला मी एकदा हेडफोन लावून बसवलं होतं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं, हेडफोन काढला आणि कुकर लावायला निघून गेली.

खरी मजा तबकडी लावण्यात नसते, दोन जुळवण्यात असते. एक बाहेर सगळ्यांना ऐकू येत असते, दुसरी फक्त माझ्या एका कानात. दोघींचा वेग सारखा नसतो. वेगाची पट्टी केसभर वर, केसभर खाली करत, तबकडीच्या कडेला बोट लावत दुसरीला पहिलीच्या पावलात पाऊल टाकायला लावायचं. जुळलं की दोन्ही मिळून एक तिसरंच गाणं तयार होतं. ते कुठल्याच तबकडीवर नसतं आणि पुन्हा कधी जसंच्या तसं होतही नाही. त्या वेळी माझ्या अंगावर काटा येतो. इतकी वर्षं झाली, तरी येतो. हे सगळं लॅपटॉपवर एका बटणात होतं, असं मला पोरं समजावून सांगतात. होत असेल. भाकरीही विकत मिळते.

वडिलांना मात्र माझ्या ह्या नादाचा राग होता. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. लष्कराच्या डेपोत ते सिव्हिलियन स्टोअरकीपर होते. रिटायर झाले तरी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातल्याशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नाहीत. त्यांचा राग आवाजावर नव्हता, वाजवण्यावर होता. आणि त्यामागं कारण होतं.

माझे आजोबा काष्टीकडच्या एका गावात हलगी वाजवायचे. हात चांगला होता म्हणतात, पण हाताला कोण विचारतो? गावात कुणाचं लग्न निघालं, देवीची जत्रा भरली की निरोप यायचा आणि जावं लागायचं. थांब म्हटलं की थांबायचं, वाजव म्हटलं की वाजवायचं. जेवण मांडवाबाहेर, सगळ्यांचं उरकल्यावर, घरून नेलेल्या भांड्यात. आप्पा लहान असताना आजोबांचं बोट धरून जायचे आणि ते भांडं त्यांच्याच हातात असायचं. पुढे आमच्या लोकांनी धम्मदीक्षा घेतली. दीक्षा घेऊन आजोबा घरी आले आणि त्यांनी हलगी चुलीत घातली. गावानं कामावर बोलावणं बंद केलं, तेव्हा बिऱ्हाड उचलून ते भिंगारला आले आणि हमाली केली. पुन्हा कधी टाळीसुद्धा वाजवली नाही, असं आप्पा सांगतात.

‘बापानं वाजवनं सोडलं म्हनून मी साळंत गेलो,’ आप्पा म्हणायचे, ‘आन् तू कंपनीत हायेस, खुर्चीवर बसतोस, आन् लोकांपुढं वाजवाया निगाला?’

‘आप्पा, मला कुणी वाजव म्हणत नाही. मला वाटतं ते मी वाजवतो.’

‘मग घरात वाजीव.’

पुण्यात मी अधूनमधून वाजवायचो, नगरला एका मित्राच्या गच्चीवर वाजवायचो, पण आप्पा कधी आले नाहीत. मला त्यांची शाबासकी नको होती. मी जे करतो ते आजोबांनी जाळलं ते नव्हे, एवढं त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं, इतकीच माझी इच्छा होती. आणि ती फार मोठी इच्छा होती.

संधी आली ती सोनईकडून. कंपनीतला माझा एक दोस्त तिकडचा, ऊसबागायतदारांच्या घरातला. कंपनीच्या बसमध्ये माझ्या इयरफोनचं एक टोक वर्षानुवर्षं त्याच्या कानात असायचं. त्याचं लग्न ठरलं. तो पत्रिका घेऊन भिंगारला आला, आप्पांच्या पाया पडला आणि मला म्हणाला, ‘हळदीला तू वाजवायचं. आन् तुझंच वाजवायचं.’ आप्पांनी पत्रिका दोनदा वाचली. ती त्यांच्या नावाची होती, सहकुटुंब सहपरिवार.

‘आमंत्रण हाय, जायाला पायजे,’ ते म्हणाले. ‘पर तुझ्या टेम्पोत मी बसनार न्हाई. मी पाव्हना म्हनून जानार.’

तसंच झालं. आईचे गुडघे धरले होते म्हणून ती घरीच राहिली. मी टर्नटेबल घेऊन टेम्पोनं गेलो आणि आप्पा पांढरा शर्ट घालून एसटीनं.

सकाळची हळद होती. स्पीकर तिथल्याच एका डॉल्बीवाल्याचे घेतले होते. मी टेबल मांडलं, पुठ्ठा बांधला, सुई ठेवली आणि पहिल्याच दणक्याला सुई उडाली. पुन्हा ठेवली, पुन्हा उडाली. स्पीकरचा हादरा जमिनीतून टेबलात आणि टेबलातून सुईत येत होता. डॉल्बीवाला हसला आणि त्यानं खिशातला पेनड्राइव्ह काढून दाखवला. मग मी दोस्ताच्या भावाकडून मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबा मागवल्या, अर्धवट हवा भरली, त्यावर अंगणातली कपडे धुवायची शहाबादी फरशी ठेवली आणि फरशीवर टर्नटेबल. दोस्ताची आई म्हणाली, ‘आरं, पाव्हन्यांच्या कपड्यांचं काय?’ पण फरशी दिली. हादरा ट्यूबांतच जिरला आणि सुई खोबणीत नीट बसली. डॉल्बीवाल्यानं पेनड्राइव्ह खिशात ठेवला आणि जवळ येऊन बघत उभा राहिला.

मी सुरुवात केली. नुसता ठेका, खोल, सावकाश. मग त्यावर एक बारीक झांजेसारखा आवाज. मांडवात माणसं खुर्च्यांवर बसून माझ्याकडे बघत होती. चांगली, समजूतदार माणसं. कुणी कुरकुर केली नाही. मला वाटलं, ऐकतायत. दुसरी तबकडी जुळवली, सुंदर जुळली, तिसरी काढली. माणसं तशीच हात बांधून बसलेली. मग डॉल्बीवाला माझ्या कानाशी वाकून म्हणाला, ‘भाऊ, त्यांना वाटतंय तुमी चेकिंग करताय.’

खरंच तसं होतं. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम ‘हॅलो, हॅलो, माईक चेक’ आणि थोड्या धडधडीशिवाय सुरू होत नाही. ती संपेपर्यंत माणसं सोशिकपणे वाट बघतात. माझ्या सगळ्यात लाडक्या तबकड्या ह्या मंडळींनी चेकिंग म्हणून सहन केल्या होत्या.

शेवटी नवरदेवाचे चुलते उठून आले. फेटा बांधलेले, वजनदार गृहस्थ. ‘ओ डीजे, लई टायम चेक झालं. आता गानं लावा.’

‘हेच गाणं आहे, काका.’

त्यांनी थोडं ऐकलं. ‘आन् बोलनार कवा?’

‘बोलत नाही.’

मग त्यांनी एका गाण्याची फर्माईश केली. मी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी पुठ्ठा वाचला आणि त्यांचा चेहरा बदलला. आपल्या मांडवात आपल्याला नाही म्हणणारा माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदाच बघितला असावा. ‘हे बगा,’ ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘वाजवनाऱ्यानं सांगितलेलं वाजवायचं आसतंय.’

त्यांना मी कोण, कुठला, हे ठाऊक नव्हतं. बँडवाल्यालाही ते हेच म्हणाले असते. पण वाक्य तेच होतं, आजोबांना ऐकावं लागायचं तेच. माझं डोकं फिरलं. मी सुई उचलली. एकदम शांत झालं. पाटावर बसलेला नवरदेव ओरडला, ‘काका, हळद माझी हाय!’ आणि उठायला लागला. पण हळद लागलेल्या नवऱ्यानं पाट सोडायचा नसतो. पिवळ्या हातांच्या बायांनी त्याला खांदे धरून खाली दाबलं.

मी तबकडी पाकिटात घालायला लागलो तेव्हा मागच्या रांगेतून आप्पा उठलेले दिसले. मला वाटलं, झालं. आता म्हणतील, चल घरी, सांगितलं हुतं तुला. ते सगळा मांडव ओलांडून आले आणि चुलत्यांसमोर उभे राहिले.

‘पाव्हनं, ह्यो सांगितलेलं वाजवत न्हाई.’

‘तुमी कोन?’

‘मी त्याचा बाप. आन् त्याच्या बापाचा बाप सांगितलेलं वाजवायचा, म्हनून मला ठावं हाय.’

आप्पा माझ्याकडे वळले. ‘ठिव ती सुई खाली.’

एक खुर्ची ओढत त्यांनी ती बरोबर माझ्यासमोर, दोन स्पीकरच्या मधोमध आणली आणि पायावर पाय टाकून बसले. दोनदा सुई काठावरून घसरली. मग लागली.

मी वाजवलं. आयुष्यात तसं वाजवलं नव्हतं. अर्धी माणसं चहाला उठून गेली. जाऊ देत. चुलते जाऊन स्वयंपाकाकडे बसले. नवरदेव पाटावर बसल्या बसल्या खांद्यांनी नाचत होता, बाया त्याला हळद लावता लावता त्याच ठेक्यावर लावायला लागल्या होत्या. कंपनीतली पोरं उठली, डॉल्बीवाल्यानं मान हलवली. आप्पांनी मात्र पाऊलसुद्धा हलवलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं, शेवटच्या तबकडीच्या शेवटच्या खरखरीपर्यंत.

मग जेवणं निघाली. मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा वाढप्यांपैकी एक जण सांगून गेला, ‘साउंडवाल्यांची ताटं टेम्पोपाशी धाडलीत, मागनं खाऊन घ्या.’ त्यात वावगं काही नव्हतं, सगळीकडे तसंच असतं. डॉल्बीवाला हात धुऊन तिकडे निघालासुद्धा. मीही निघालो असतो.

‘हितं ये!’

आप्पा पहिल्या पंगतीत बसले होते. शेजारची पत्रावळ रिकामी होती आणि त्यावर त्यांनी हात ठेवला होता. अख्ख्या पंगतीनं वळून बघितलं. ‘आन् त्या साउंडवाल्याला बी बोलाव,’ ते म्हणाले. ‘मागनं कुनी जेवनार न्हाई.’

आम्ही दोघं जाऊन बसलो. बुंदीचं भांडं घेऊन नेमके चुलतेच वाढायला आले. आप्पांसमोर थांबले, मग माझ्यासमोर. मूठभर बुंदी माझ्या पत्रावळीवर टाकली आणि अगदी मनापासून विचारलं, ‘आता तरी गानं कवा लावनार?’

‘झालं की,’ आप्पा म्हणाले. ‘तुमी चुलीपाशी हुता.’

चुलत्यांनी आप्पांकडे बघितलं, हसावं की नाही ते त्यांना ठरवता आलं नाही. आप्पा नको नको म्हणत असताना त्यांनी पत्रावळीवर आणखी एक मूठ बुंदी घातली.

परत निघताना आप्पा एसटीच्या थांब्याकडे वळले नाहीत. टेम्पोचं दार उघडून पुढे बसले आणि तबकड्यांची पेटी मागे ठेवू न देता मांडीवर घेतली. घोडेगाव मागं पडलं.

‘लई वंगाळ गानं हाय तुझं,’ मग ते म्हणाले. ‘मला काय बी आवडलं न्हाई.’

‘बरं.’

खड्डा आला तशी त्यांनी पेटी दोन्ही हातांनी धरली.

‘पर बदलू नको,’ ते म्हणाले.