नाडाछडीखालचा खिळा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. सरकारी खात्यात मेकॅनिकल इंजिनीअर म्हणून मी एकोणतीस वर्षं काढली, आणि दर जत्रेच्या आधी तिथले पाळणे तपासायचं काम बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडलं. माझी स्कूटर लांबून दिसली की पाळणेवाले एकमेकांना म्हणायचे, "आली रे बया!" मला ते ऐकू यायचं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

बाकीचे आधी मोटर बघत. मी आधी दांडी बघायची. पाळण्यात बसलं की पोटासमोर येते ती आडवी दांडी. त्याला कारण माझी ताई.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी आठ वर्षांची असताना आम्ही येवल्याजवळ आजोळी जत्रेला गेलो होतो. आमचा पाळणा खाली येत असताना दांडी माझ्या बाजूने निखळली आणि ताई तिच्यासकट खाली गेली. जमीन जवळ आली होती म्हणून जीव वाचला, पण गुडघा कायमचा गेला. ती आजही लंगडते. तेव्हा जमलेल्या घोळक्यात मामाने मला विचारलं, "उभी राहिली होती ना गं ती?"

मी हो म्हणून मान हलवली.

ताई उभी नव्हती. दांडीवर दोन्ही हात ठेवून शहाण्यासारखी बसली होती. पण दांडीच्या टोकाला एक लाल दोरा बांधलेला होता, आणि त्याचा लोंबता गोंडा मी सगळा वेळ बोटाला गुंडाळत होते. माझ्या चाळ्यानेच दांडी सुटली असं मला वाटलं. मार खाण्याच्या भीतीने मी खोटं बोलले. पुढे घरात काही सांडलं, फुटलं की "पाळण्यात उभी राहणारी" म्हणून ताईचाच उद्धार व्हायचा. आईनेही शेवटपर्यंत तिला तेच ऐकवलं. हळूहळू ताई स्वतःच नातवंडांना सांगायला लागली, "मी उभी राहिले होते, तुम्ही राहू नका." मी ऐकायची आणि उठून पाणी प्यायला जायची.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी नवरात्रात गंगापूर रोडजवळच्या एका मैदानात पाळणे लागले होते. घटस्थापनेच्या दुपारी मी तपासायला गेले. आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, तशी हे पाळणेवालेही करतात. दांडी ज्या पिनेवर उघडझाप करते, त्या पिनेला पूजेचा लाल-पिवळा दोरा, म्हणजे नाडाछडी, बांधतात. बांधलेली सोडत नाहीत. पुढच्या वर्षी नवी तिच्यावरच. या मोठ्या पाळण्याच्या पहिल्याच दांडीच्या पिनेवर तर मुठीएवढा गोळा झाला होता. पिन दिसतच नव्हती.

"हे सोडा," मी मालकाला म्हणाले. साठीचा माणूस, येवल्याकडचाच.

"पुजलेलं हाय ते मॅडम. माझ्या बापानं पह्यली गाठ मारली. आजवर कुनी सोडली नाय, म्हनून तर आजवर काय झालं नाय."

"आत काय आहे, ते बघितलंय कधी?"

"पिन हाय की. आसनारच!"

त्या "आसनारच"ने माझं डोकं सटकलं. माझा सहकारी कानाशी लागला, की मॅडम, पाळणा दोन तास फिरवून बघितलाय, सहा वाजता उद्घाटनाला पुढारी येणार आहेत, वरून दोन फोन येऊन गेलेत. फाटकाबाहेर पोरं घेऊन माणसं उभी होती. मी कागद बॅगेत घातले आणि त्याच पाळण्याच्या पायरीवर बसले. पिन दिसल्याशिवाय सही नाही, मग पुढारी येवो नाहीतर त्याचा बाप येवो, असं मी सांगितलं. आवाज जरा चढलाच.

मालक कात्री आणायला वळला, तेव्हा मात्र मीच थांबवलं. माझ्याही स्कूटरच्या हँडलला नाडाछडी आहे. "देवाची गाठ आहे, हातानेच सोडू. नवी मी बांधते, हळदकुंकू लावून."

मालकाने चपला काढून पाळण्याला नमस्कार केला आणि गाठीत नख घातलं. तेलाने, धुळीने दोरे कडक झाले होते. एकेक वर्ष सुटत होतं, वरचं लाल, आतलं गुलाबी, त्याच्या आतलं काळं. शेवटचा वेढा निघाला. पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला जी पोलादी खिट्टी असायला हवी, तिच्या जागी वाकवलेला खिळा होता. मालकाने बोट लावलं आणि त्याचे दोन तुकडे झाले.

"माझी नात बसती ह्यात," एवढंच तो म्हणाला आणि खाली बसला. मग उठून त्यानेच फाटक बंद करायला लावलं. आणखी तीन दांड्यांना तसेच खिळे निघाले. पुढाऱ्यांनी नारळ भेळेच्या गाडीसमोर फोडला.

मी ते तुकडे घेऊन थेट ताईकडे गेले. ती ओट्याशी भाजी चिरत होती. तुकडे तिच्या तळहातावर ठेवले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. गोंड्याचं, मामाचं, माझ्या मान हलवण्याचं. तो हा पाळणा नव्हता, पण दोऱ्याने दांडी सुटत नाही, सुटते ती अशा खिळ्याने, हे इंजिनीअर झाल्यापासून मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी बोलले नव्हते. मला माझी भयंकर लाज वाटत होती.

"म्हणजे मी बसले होते?" तिने विचारलं.

"बसली होतीस. दोन्ही हात दांडीवर."

"मलाही तसंच आठवायचं गं. पण तू बघितलंयस म्हटल्यावर मी तुझं खरं मानलं."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तुकडे ओट्यावर ठेवून ती म्हणाली, "आई असताना बोलायला हवं होतंस." मग विचारलं, "उद्या किती वाजता जाणार आहेस? मी येते."

दुसऱ्या दिवशी नव्या खिट्ट्या बसल्या. एकेक मी हाताने ओढून बघितली. वाळूची पोती ठेवून पाळणा फिरवला. मग शब्द दिल्याप्रमाणे नाडाछडी बांधली, पण दांडीच्या मध्यावर, पिन उघडी राहील अशी. सही केली. ताई तोवर लंगडत पायऱ्या चढून वर गेली होती. मालक म्हणाला, "आक्का, जपून." ती बसली, दांडी स्वतः ओढून घेतली.

पाळणा वर गेला. अगदी टोकावरून तिचा आवाज आला, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल एवढा.

"बघून ठेव गं! मी बसलेली आहे!"

"बघतेय!" मी खालून ओरडले.