बॅट टाकून पळालेले कोचकाका

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या पार्कात आम्ही मराठी मंडळी रविवारी सकाळी टेनिस बॉलने क्रिकेट खेळतो. शेजारच्या मैदानावर एक साठीचे गृहस्थ पोरांना अमेरिकन फुटबॉल शिकवतात. गळ्यात शिट्टी, डोक्यावर घामाने पांढुरकी पडलेली टोपी. नाव कधी विचारलंच नाही. आपसांत आम्ही त्यांना कोचकाका म्हणतो.

परवा आमच्यात एक जण कमी होता, म्हणून त्यांना बोलावलं. पहिलाच बॉल त्यांनी लांब टोलवला, बेसबॉलमध्ये टाकतात तशी बॅट फेकून दिली आणि सुसाट धावले.

"काका, बॅट!" आम्ही ओरडलो. पण ते वीतभरासाठी रनआउट झाले. बॅट हातात असती तर टेकवून वाचला असता, असं मी त्यांना समजावलं.

ते हसले. "आधी बेसबॉल सोडला, मग बास्केटबॉल, मग फुटबॉल खेळणंही. हातातलं टाकल्याशिवाय पुढे पळता येत नाही, असंच वाटायचं मला. तुमच्यात सोबत न्यायचं असतं होय?"

मग ते आपल्या पोरांकडे गेले. बास्केटबॉलवाल्यासारखा एक पाय रोवून गर्रकन वळले आणि बेसबॉल फेकावा तसा हात फिरवून फुटबॉल लांब फेकून दाखवला.

टाकली होती ती फक्त आमची बॅट.