दिवाळ्याला जाताना घरचं कोडं न्या

आईला कोडी येतात का, हे मी बी.ए. होईपर्यंत तिला एकदाही का विचारलं नाही? 

१९९७ सालची गोष्ट. आम्ही घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहायचो. घरातली पहिली पदवीधर मी. स्कॉटलंडच्या खेड्यांत लोक शेकोटीभोवती कोडी घालत, असं ग्रंथालयातल्या पुस्तकात वाचलं आणि ठरवलं, आपल्या खाडीकाठची कोडी हरवण्याआधी वहीत उतरवायची.

रविवारी सकाळीच बस धरली. महाप्याचे कारखाने मागे टाकून बेलापूरला उतरले, तिथून दिवाळे या कोळीवाड्यापर्यंत चालत. तुम्हीही लवकर जा. उशीर केला तर बायका मासळी घेऊन बाजाराला निघतात.

तिथली एक म्हातारी कोळीण, हिरामावशी, जवळा म्हणजे बारीक कोळंबी वाळत घालत होती. मी शेजारी टेकले आणि तिला कोडं घालायला सांगितलं.

"हजार खिडक्या, दार नाय; आलेला पावना परत जात नाय. सांग!"

मी पेन सरसावलं. "उत्तर काय, मावशी?"

"आधी हरले म्हन."

"हरले."

"जाळं गं! बसलीस त्याच्यावरच!" आजूबाजूच्या कोळणी खदखदल्या. "आता तू घाल. हरलेलीनं आपलं घालायचं, तवाच दुसरं मिलतं."

मी पुस्तकातून वहीत उतरवलेलं एक वाचलं.

"ह्ये पुस्तकातलं हाय. तुझ्या आयशीचं घाल."

ते माझ्याकडे नव्हतं. एवढी बी.ए., पण एकाच कोड्यावर परत आले.

आई भाकऱ्या थापत होती. मी तिच्याकडे कोडं मागितलं. "शिकल्यालीला अडाण्यांचं कशाला?" म्हणाली. आठवडाभर मागे लागले आणि पुढच्या रविवारी तिलाच घेऊन गेले. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. हिरामावशीसमोर मात्र पदर खोचून बसली.

"एक बाई बिनपायांची फिरती, खाल्ल्यालं समदं घराला देती."

"होडी?"

"न्हाय."

"मंग हरले गं ताय!"

"जातं," आई म्हणाली, आणि परक्या माणसांत मोठ्याने हसली. तसं हसताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं. दुपारपर्यंत दोघींची कोडी संपेनात. निघताना ओंजळभर जवळा मिळाला. कांद्यावर परतलेला तो जवळा आम्ही घरच्या चौघांनी पातेलं पुसून खाल्ला.

वही भरली. पहिल्या पानावर आईचं कोडं आहे, तिच्या नावानिशी. कुठल्याही कोड्याचं उत्तर हवं असेल त्याने ते घालणाऱ्या बाईसमोर बसावं आणि हरलो म्हणावं. वहीतला उत्तरांचा रकाना मी कात्रीने कापून काढला.