झाकण उघडू नका

आमच्याकडे आले की भाऊ आधी फ्रिजच्या मागे डोकावत आणि मगच खुर्चीवर टेकत. "ताई, याला भिंतीपासून थोडं सरकवा. गरम हवा निघायला जागा पाहिजे ना. बस, इतकंच."

तुमच्याही कॉलनीत असा एखादा गृहस्थ असेल. न बोलावता येतो, चहा घेतो आणि जाताना काहीतरी दुरुस्त करून जातो. इकडे हिंदी मुलखात, हरिशंकरपुरमच्या आमच्या गल्लीत मराठी घरं मोजकीच, त्यामुळे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले हे भाऊ आमच्या वाट्याला जरा जास्तच आले. कुकरची रिंग ढिली झाली की थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवायची, मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत नळाचं पाणी चुकूनही घालायचं नाही, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. एकदा तर पाहुण्यांसमोर त्यांनी आमचा कूलर उघडून पंपातला गाळ दाखवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्यानंतर कूलरची टाकी कधी घाण राहिली नाही.

मला सख्खा भाऊ नाही. नवरा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून भाऊबीजेला मी यांनाच ओवाळत आले.

गेल्या हिवाळ्यात आईला दर आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागू लागलं. रिक्षात चढणं तिला जमेना. भाऊ म्हणाले, "माझी गाडी विकत घ्या की. लेकरासारखी सांभाळली आहे." माझी शाळेतली मैत्रीण म्हणाली, "पहले किसी मिस्त्री को दिखा ले." मला तिचा रागच आला. ज्याला ओवाळते, त्याची गाडी मिस्त्रीला दाखवायची?

कोणालाच न दाखवता मी पैसे मोजून गाडी घेतली. थंडीभर ती छान चालली. मे महिन्यात, भर दुपारी, पडाव चौकाजवळ बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी जागीच बंद पडली. मागच्या सीटवर आई घामानं भिजलेली, ओठ पांढरे पडलेले. "भाऊंना फोन लाव," ती म्हणाली, "ते लगेच ठीक करतील."

मी लावला. "भाऊ, गाडी बंद पडली," एवढंच बोलले.

"ताई, रेडिएटरचं झाकण उघडू नका हां. हात भाजेल."

वाफेचं मी अजून सांगितलंच नव्हतं.

आईला कसंबसं रिक्षात चढवून दवाखाना गाठला. संध्याकाळी मिस्त्रीनं गाडी पाहिली. "पुरानी बीमारी है, मैडम. लीकेज दबाने का पाउडर डाल रखा है."

दुसऱ्या दिवशी भाऊ कूलंटची बाटली घेऊन हजर.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

ते रुमालानं बाटली पुसत राहिले. "सांगितलं असतं तर घेतली असती का तुम्ही, ताई?"

कूलरच्या पंपाबद्दल बोलावं तितक्या सहज बोलले. परका असता तर मी भांडले असते, चार शब्द सुनावले असते. पण हा माणूस रोज आईच्या हातचा चहा पीत होता आणि तिच्या जिवाशी खेळला होता. मी दार लावून घेतलं आणि खूप रडले.

आईला काही सांगितलं नाही. ती त्यांची वाट बघायची, आणि मी काहीबाही कारणं द्यायचे.

यंदा भाऊबीजेला बेल वाजली. आईनं सकाळीच पाट मांडून ठेवला होता. खिडकीतून पाहिलं, तर इस्त्रीचा कुर्ता घालून भाऊ उभे, हातात मिठाईचा डबा. दार उघडेना तसे ते अंगणात उभ्या असलेल्या त्या गाडीपाशी गेले आणि वाकून टायर अंगठ्यानं दाबून बघू लागले.

"कोण आहे गं?" आईनं आतून विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि पाट उचलून भिंतीला टेकवून ठेवला.