बांगड्या भरलेले हात

माझी नणंद शिल्पा फायर स्टेशनात नोकरीला आहे. आग लागली की पाइप धरून आत जाणाऱ्यांतली. तिला कुठे भाषणाला बोलावलं की मी सोबत जाते. ती अपमान गिळते, मला तो गिळता येत नाही.

गौलीगुड्यातल्या आमच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शिल्पानं आधीच कळवलं होतं, भरती निघणार आहे, तरुण मुलींशी त्याबद्दल बोलेन. आणि माइकवर काय जाहीर झालं? "शिल्पाताई आता गॅस सिलिंडर कसा हाताळावा ते सांगतील." दरवर्षी मेलं तेच!

तरी ती भरतीबद्दलच बोलली. बायका तिळगूळ चघळत बसल्या. एकीनं विचारलं, सासरचे रात्रपाळी चालवून घेतात का? फक्त अश्विनीनं कामाचं विचारलं, "पाण्याचा पाइप किती जड असतो?" ही बेगम बाजारातल्या मसालेवाल्या हिम्मतरावांची मुलगी, कॉलेजात कबड्डी खेळते. निघताना शिल्पाला बाजूला घेऊन म्हणाली, "मला यायचंय, ताई. पप्पांना तुम्ही सांगता का?"

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात. हिम्मतराव गादीवर, अश्विनी गल्ल्यावर.

"कौतुक आहे हो तुझं," ते शिल्पाला म्हणाले. "पण आमच्या पोरीला नक्को. उद्या स्थळं यायची आहेत. चहा घ्या."

शिल्पा समजावत राहिली. सकाळी मैदानावर ती मुलींचा सराव घेते, एकदा येऊन बघा म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी. माझं डोकं तापायला लागलं होतं.

तेवढ्यात धण्याचं पोतं आत न्यायचं होतं, ते हमालाला उचलेना. "सेठ, कमर गई मेरी," तो कण्हला. हिम्मतराव खेकसले, "हातात बांगड्या भरल्यास का रे?"

अश्विनी गल्ल्यावरून उठली. कालच्या हळदीकुंकवाच्या काचेच्या बांगड्या अजून मनगटभर होत्या. खाली बसून तिनं पोतं खांद्यावर घेतलं, आत नेऊन थप्पीला लावलं आणि बापासमोर येऊन दोन्ही हात पुढे केले.

"माझ्या हातात भरल्यात, पप्पा."

हमाल हसला. हिम्मतराव तिच्या मनगटाकडे बघत होते.

"अगं, एक बांगडी वाढवलीस की! सणाची होती ना?"

पोतं माणसाला दिसलंच नाही. मला राहवेना. "हिम्मतराव, अजून काय उचलून दाखवायचं तिनं?"

"वहिनी, चहा गार होतोय," ते म्हणाले.

शिल्पा कप तसाच ठेवून उठली. एवढा चांगला चहा, पण मीही तो तिथंच सोडला. आम्ही पायरी उतरलो, तशी अश्विनीनं बापासमोरच मोठ्यानं विचारलं,

"ताई, उद्या मैदानावर किती वाजता येऊ?"