बँकॉकची फिक्की पपई

विदर्भातल्या दारव्ह्याच्या आठवडी बाजारात झणझणीत रश्श्याचे तर्रीपोहे विकण्यात गोकर्णाबाईचं अर्धं आयुष्य गेलं. स्पृहानं, तिच्या लेकीनं, हट्टानं बँकॉक दाखवायला आणलं, तेव्हा आईला देवळं नको होती. इथल्या गाडीवाल्या बाया काय खाऊ घालतात, तेवढंच तिला चाखायचं होतं.

पण संध्याकाळभर फिरून तिचं डोकं तापलं. नूडल्स असोत की सूप, तिचा चेहरा बघितला की गाडीवाली मिरच्या बाजूला सारायची.

"ह्या बाया मले फिक्कं काहून देऊन राह्यल्या? मी काय बिमार हाओ?" ती लेकीवरच खेकसली.

शेवटच्या गाडीवर कच्च्या पपईची कोशिंबीर कुटणं चालू होतं. गोकर्णाबाईनं स्वतःच मूठभर मिरच्या खलात टाकल्या. गाडीवालीनं त्या एकेक वेचून काढल्या, तोंडापुढं हातानं वारा घातला आणि 'तुला सोसायचं नाही' अशी मान हलवत हसली.

गोकर्णाबाईचा राग तिथंच विरला. पुण्याचं गिऱ्हाईक आलं की न विचारता पोह्यांवर तर्रीचे दोनच थेंब टाकून ती हीच खूण करायची. आणि हसायचीही अशीच.